क्रियापदाची संयुजा

धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातील एका शाळेत आम्ही विज्ञानप्रयोगांचे दोन दिवसांचे शिबिर घेण्यासाठी गेलो होतो. सातवीतील एक मुलगी पहिल्या दिवशी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा तिच्या हातात इंग्रजीची वही होती. गैरहजेरीचे कारण इंग्रजीत लिहून आणायला तिला सांगितले होते. तिने लिहिले होते, ‘टू मी फीव्हर केम. सो आय नॉट केम इन स्कूल.’ दोन्ही वाक्यांवर तांबड्या शाईची फुली होती. मुलगी खाली मान घालून म्हणाली, “सर, मला इंग्रजी येतच नाही.”

वही पाहून आम्ही थोडे थबकलो. ‘मला’ला ‘टू मी’, ‘ताप’ला ‘फीव्हर’, ‘आला’ला ‘केम’. ‘शाळेत’मधल्या ‘त’ला ‘इन’. एकही शब्द चुकलेला नव्हता. प्रत्येक सुटा भाग बरोबर होता आणि तरीही यंत्र चालत नव्हते. असे प्रयोगशाळेत घडले तर आपण विद्यार्थ्याला फुली मारत नाही. जोडणी कुठे चुकली ते शोधतो. या लेखात तसाच शोध घ्यायचा आहे. सर्वनाम, क्रियापद आणि शब्दयोगी अव्ययासह येणारा शब्दसमूह हे तीन भाग रोजच्या इंग्रजी वाक्यात एकमेकांना कसे जोडले जातात, आणि मराठीत तेच भाग वेगळ्या रीतीने कसे जोडले जातात, ते आपण पाहू.

इंग्रजी वाक्ये आम्ही मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. स्पेलिंगकडे लक्ष न जाता ते शब्दांच्या क्रमाकडे जावे, एवढाच त्यामागे हेतू आहे.

क्रियापद हा मध्यवर्ती अणू

रसायनशास्त्रात कार्बनची संयुजा चार, ऑक्सिजनची दोन, हायड्रोजनची एक असे आपण शिकवतो. कोणता अणू किती बंध तयार करणार हे त्याच्या स्वभावात असते. वाक्यातील क्रियापदाचेही तसेच आहे. ‘झोपणे’ या क्रियेला एकच सोबती पुरतो, झोपणारा. ‘बांधणे’ला दोन लागतात, बांधणारा आणि जे बांधले ते. ‘देणे’ला तीन लागतात, देणारा, दिलेली वस्तू आणि घेणारा. ‘तिने दिले’ एवढेच कानावर पडले की काय दिले, कोणाला दिले, असे प्रश्न आपल्या मनात आपोआप उभे राहतात. ते म्हणजे क्रियापदाचे मोकळे राहिलेले बंध.

ही उपमा आमची नाही. ल्युसियाँ तेनिएर या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने ती सविस्तर मांडली. १९५४ साली त्याचे निधन झाले आणि १९५९ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने रसायनशास्त्रातील संयुजा हाच शब्द क्रियापदासाठी वापरला आहे. आपल्याकडे याच दिशेचा विचार फार जुना आहे. पाणिनीने कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण ही सहा कारके क्रियेभोवती मांडली. षष्ठी विभक्तीने दाखवलेला संबंध मात्र त्याने कारकांत घेतला नाही, कारण ‘रामाचा बैल’ यात रामाचे नाते बैलाशी आहे, क्रियेशी नाही. हा भेद पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

संयुजा शून्यही असू शकते. मराठीत ‘उजाडले’, ‘सांजावले’ ही एका शब्दाची पूर्ण वाक्ये आहेत. व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदे म्हणतात. कोण उजाडले, हा प्रश्नच निरर्थक आहे. इंग्रजीला मात्र कर्त्याची जागा रिकामी ठेवलेली चालत नाही. म्हणून ‘इट इज रेनिंग’ या वाक्यात ‘इट’ हे सर्वनाम आणून बसवतात. ते कोणाच्याही नावाऐवजी आलेले नसते. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून बसवलेला तो पाहुणा आहे. मराठीत तर खुर्ची बरेचदा रिकामीच असते. ‘जेवलास का?’ यात ‘तू’ नाही, पण ‘जेवलास’ या रूपातूनच तो कळतो. इंग्रजी क्रियापद अशी माहिती फारशी बाळगत नाही, म्हणून तिथे सर्वनाम उच्चारावेच लागते. मराठी माध्यमाचे मूल ‘इज रेनिंग’ असे लिहिते तेव्हा ते आळस करत नसते. त्याच्या भाषेत जे अनावश्यक आहे ते त्याने गाळलेले असते.

आता इंग्रजीतले ‘पुट’ हे क्रियापद घेऊ. शब्दार्थाच्या यादीत त्यापुढे ‘ठेवणे’ लिहिलेले असते. पण दोघांची संयुजा सारखी नाही. ‘तिने पातेले ठेवले’ हे मराठीत खपते. ‘शी पुट द पॉट’ हे इंग्रजीत अर्धे वाक्य आहे. ‘ऑन द स्टोव्ह’ असा तिसरा बंध जोडल्याखेरीज ते स्थिर होत नाही. याउलट ‘शी पुट द पॉट ऑन द स्टोव्ह इन द मॉर्निंग’ या वाक्यातील ‘इन द मॉर्निंग’ काढून टाकले तरी काही बिघडत नाही. दोन्ही तुकडे दिसायला सारखे, पण एक क्रियापदाच्या बंधात अडकलेला आणि दुसरा नुसता सोबत आलेला.

मोरचूद तापवले की त्यातील स्फटिकजल निघून जाते, निळा रंग जातो आणि पांढरी पूड उरते, हा प्रयोग आपण वर्गात करतो. ‘इन द मॉर्निंग’ हे वाक्याचे स्फटिकजल आहे. ते गेले तर रंग जातो, सांगाडा राहतो. रसायनाचे शिक्षक येथे हरकत घेतील. मोरचुदातील पाण्याच्या पाच रेणूंपैकी चार रेणू तांब्याच्या आयनाशी थेट जोडलेले असतात, फक्त पाचवा वेगळा असतो, मग ते पाणी ‘नुसते सोबत आलेले’ कसे? हरकत योग्य आहे, आणि भाषेतही तसेच आहे. ‘ती तुळजापूरला राहते’ यातला ‘तुळजापूरला’ काढून पाहा. अत्यावश्यक आणि ऐच्छिक यांच्यातली रेषा दोन्हीकडे पुसट आहे.

ताप कोणाला येतो?

आता त्या मुलीच्या पहिल्या वाक्याकडे वळू. मराठीत ताप ‘येतो’. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने ताप हा कर्ता आहे आणि ज्याला तो सोसावा लागतो तो माणूस चतुर्थीत, ‘मला’ म्हणून बाजूला उभा आहे. भूक, तहान, झोप, राग, आठवण, शंका, घाम, कंटाळा ही सगळी मंडळी मराठीत स्वतः चालत येतात किंवा लागतात. माणूस नुसता त्यांचा मुक्काम असतो. भाषा येण्याचेही तसेच. ‘मला इंग्रजी येत नाही’ हे त्या मुलीचे वाक्य नेमके याच साच्यातले आहे.

इंग्रजीत येथे माणूसच कर्त्याच्या खुर्चीत बसतो आणि ‘हॅव’, ‘फील’, ‘नो’ अशी क्रियापदे वापरतो. त्यातही ‘हॅव’ला मराठीत एकच असा प्रतिशब्द नाही. पुढील वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

‘आय हॅव टू ब्रदर्स’ – मला दोन भाऊ आहेत.
‘आय हॅव अ पेन’ – माझ्याकडे पेन आहे.
‘आय हॅव अ हेडेक’ – माझे डोके दुखते.
‘आय हॅड अ फीव्हर’ – मला ताप आला होता.
‘आय हॅव टू गो’ – मला जायला हवे.

इंग्रजीत सगळीकडे ‘आय’ आणि ‘हॅव’. मराठीत कुठे ‘मला’, कुठे ‘माझ्याकडे’, कुठे ‘माझे’. मराठी सर्वनामाच्या रूपावरच नात्याचा प्रकार सांगते: भाऊ हे नाते आहे, पेन ही ताब्यातली वस्तू आहे, डोके हा शरीराचा भाग आहे. इंग्रजी हे भेद क्रियापदाच्या पोटात घालून टाकते. म्हणजे मराठीत जे ओझे सर्वनाम आणि प्रत्यय वाहतात, ते इंग्रजीत क्रियापद वाहते. मुलाला ‘हॅव म्हणजे असणे’ असे सांगितले की त्याची फसगत ठरलेलीच.

‘मला ताप आला’ हा साचा एकट्या मराठीचा नाही. याच जिल्ह्यातील उमरगा तालुक्याची हद्द कर्नाटकाला भिडते. कन्नडमध्ये म्हणतात, ‘ननगे ज्वर बंदिदे’. ‘ननगे’ म्हणजे मला, ‘बंदिदे’ म्हणजे आला आहे. दख्खनी बोलणारा म्हणेल, ‘मेरे कू बुखार आया.’ मराठी आणि दख्खनी आर्यभाषाकुळातल्या, कन्नड द्राविड कुळातली, पण साचा एकच. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे अशी मांडणी केली. वेगवेगळ्या कुळांतील भाषा शेकडो वर्षे शेजारी नांदल्या आणि त्यांच्या वाक्यरचना एकमेकींसारख्या झाल्या, असा तिचा आशय होता. माणसाला चतुर्थीत ठेवणारी ही रचना अशा समान खुणांपैकी एक ठळक खूण म्हणून पुढे ओळखली गेली.

आणखी एक गोष्ट आपल्याला चकित करील. एके काळी इंग्रजीतही हाच साचा होता. जुन्या इंग्रजीत भूक लागणे, वाटणे, आवडणे अशा क्रियांसाठी माणूस ‘मला’ याच अर्थाच्या रूपात येत असे. त्याचा अवशेष म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारा ‘मीथिंक्स’ हा शब्द. त्याचा अर्थ ‘मी विचार करतो’ असा नसून ‘मला वाटते’ असा आहे! ‘लाइक’ या क्रियापदाचा मूळ अर्थही ‘रुचणे’ असा होता. मग बदल कसा झाला? ‘राजाला फळे रुचली’ अशा वाक्यातला ‘ला’ झिजून गेला असे समजा. उरले ‘राजा फळे रुचली’. राजा वाक्यात पहिला, आणि पहिला तो कर्ता अशी सवय लोकांना लागत चाललेली. काही पिढ्यांनी राजालाच कर्ता मानले आणि ‘रुचणे’चे ‘पसंत करणे’ झाले. प्रत्यय झिजल्यामुळे संयुजेची मांडणीच पालटली.

म्हणजे सातवीतल्या मुलीने केलेली ‘चूक’ ही एके काळी खुद्द इंग्रजांच्या तोंडची रचना होती.

एक ‘ला’, अनेक कामे

मुलीच्या दुसऱ्या वाक्यात ‘इन स्कूल’ आले आहे. ‘शाळेत आले’ यात ‘त’ आहे, म्हणून तिने ‘इन’ घेतले. मराठीत ‘शाळेत बसले’ आणि ‘शाळेत आले’ दोन्हीकडे ‘त’ चालतो. जागी असणे आणि जागेकडे जाणे हा भेद आपण क्रियापदावर सोपवतो. इंग्रजी तो भेद शब्दयोगी अव्ययातच करते: असणे ‘इन’ किंवा ‘ॲट’, जाणे ‘टू’.

‘ला’ या प्रत्ययाची गोष्ट तर याहून मजेदार आहे. ‘आईला पत्र दिले’ येथे इंग्रजीत ‘टू’ लागतो. ‘शेळीला बांधले’ येथे काहीच लागत नाही. ‘तुळजापूरला गेलो’ येथे ‘टू’, पण ‘तुळजापूरला राहतो’ येथे ‘इन’. ‘सहाला उठतो’ येथे ‘ॲट’. आणि ‘मला भूक लागली’ येथे ‘ला’ नाहीसाच होऊन ‘आय’ होतो. एका ‘ला’ची सहा भाषांतरे. तेव्हा ‘ला म्हणजे टू’ हे समीकरण सहापैकी दोनदाच बरोबर ठरते.

मूळ अडचण ही की शब्दयोगी अव्यय एकटे अर्थ ठरवत नाही. क्रियापद आणि ते मिळून अर्थ ठरवतात. आपण बसची वाट पाहतो, इंग्रज ‘वेट फॉर द बस’ म्हणतात. आपण सापाला भितो, ते ‘अफ्रेड ऑफ’ असतात. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, पण ‘डिस्कस’ला पुढे काहीही नको असते. आपण गावाला पोहोचतो, पण ‘रीच’पुढे ‘टू’ येत नाही. आपण कोणाशी तरी लग्न करतो, पण ‘मॅरी’पुढे ‘विथ’ येत नाही. ‘रीच्ड टू धाराशिव’ किंवा ‘डिस्कस्ड ऑन द टॉपिक’ अशा चुका सुशिक्षित मोठी माणसेही करतात. मराठी क्रियापदाची संयुजा ती नकळत इंग्रजी क्रियापदाला देतात.

आरशातली भाषा

सुट्या शब्दांच्या पलीकडे संपूर्ण वाक्याच्या बांधणीतही एक नियमितता आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलेला आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. तिथे काढलेल्या सहलीबद्दल मराठीत लिहायचे तर ‘बोरी नदीवरच्या बांधातल्या पाणीमहालात’ असा शब्दसमूह होईल. इंग्रजीत तो ‘इन द पॅलेस इन द डॅम ऑन द रिव्हर बोरी’ असा होतो. आता इंग्रजी समूह शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा: बोरी, रिव्हर, ऑन, डॅम, इन, पॅलेस, इन. मराठीचाच क्रम! एक समूह दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब आहे.

हा योगायोग नाही. जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६३ साली जगातील निरनिराळ्या भागांतील ३० भाषा तपासल्या. ज्या भाषांत क्रियापद कर्माच्या नंतर, वाक्याच्या शेवटी येते त्यांत अव्यये बहुधा नामाच्या मागे लागतात. आणि ज्या भाषांत क्रियापद कर्माच्या आधी येते त्यांत अव्यये बहुधा नामाच्या आधी येतात, असे त्याला दिसले. पुढे मॅथ्यू ड्रायर यांनी ९०० हून अधिक भाषांची माहिती गोळा केली, तेव्हाही नव्वद टक्क्यांहून अधिक भाषा या जोडीत बसल्या. ‘शेळी बांधली’ आणि ‘दाव्याने’ यांची घडण एकाच दिशेची आहे: मुख्य जोडणारा शब्द शेवटी. ‘टाइड द गोट’ आणि ‘विथ अ रोप’ यांचीही एकाच दिशेची आहे: जोडणारा शब्द आधी. एक कळ फिरवली की दोन्ही गोष्टी एकत्र बदलतात.

याचा धाराशिवच्या शाळांशी जवळचा संबंध आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होत असे. त्या पिढीतील मराठी मुलांना परकी लिपी शिकावी लागली, परके शब्द शिकावे लागले, पण वाक्य उलटे करावे लागले नाही. ‘मला ताप आला’ आणि ‘मुझे बुखार आया’ या वाक्यांत एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला की काम भागते. महाराष्ट्रात इंग्रजी पूर्वी पाचवीपासून शिकवत. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवले जाते. आजोबांनी शब्दाला शब्द लावून दुसरी भाषा शिकली, नातीला ते साधत नाही. यात आजोबा हुशार आणि नात मठ्ठ असे काही नाही. आजोबांना सपाट रस्ता मिळाला, नातीला आरसा ओलांडायचा आहे.

सर्वनामातले जुने अवशेष

मराठीत नामाला काहीही जोडायचे तर त्याचे सामान्यरूप करावे लागते: बांध–बांधात, घोडा–घोड्यावर, मी–माझ्यावर. इंग्रजी नामाला याची गरज नाही. ‘हॉर्स’ हा ‘ऑन’पुढेही ‘हॉर्स’च राहतो. पण ‘ऑन’पुढे ‘ही’ येत नाही, ‘हिम’ येतो. ‘आय’चे ‘मी’ होते, ‘शी’चे ‘हर’, ‘वुई’चे ‘अस’, ‘दे’चे ‘देम’. जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तिप्रत्यय होते. ते झिजले, सर्वनामांत मात्र राहिले.

रोजच्या वापरातले शब्द आपली जुनी रूपे जास्त काळ टिकवतात. २००७ साली लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी आज ९८ अनियमित उरली आहेत. एखादे क्रियापद शंभरपट कमी वापरले जात असेल, तर ते दहापट वेगाने नियमित होते असे त्यांना आढळले. सर्वनामे तर क्षणोक्षणी लागतात. म्हणून मुलांना ‘ही–हिम’ हा अपवाद म्हणून सांगण्याऐवजी ‘इंग्रजीतले सामान्यरूप’ म्हणून सांगितले तर ते लगेच ओळखतात.

सर्वनामांबाबत एक सावधगिरी हवी. आपल्या मुलांना आदरार्थी बहुवचन अंगवळणी पडलेले असते. ‘आमचे सर आले. ते रागावले’ याचे ‘दे वेअर अँग्री’ असे भाषांतर करणारे मूल सरांचा मान राखत असते. इंग्रजीत सरांसाठीही ‘ही’च लागते, हे समजावून सांगावे लागते.

कोण कोणाला चिकटले?

आता मघाचा पाणिनीचा भेद आठवा. शब्दसमूह क्रियेला जोडला जाऊ शकतो किंवा नामाला. ‘वुई सॉ द बॉय विथ द टेलिस्कोप’ या वाक्यात दुर्बीण कोणाकडे आहे? ‘विथ द टेलिस्कोप’ हा समूह ‘सॉ’ला जोडला तर आम्ही दुर्बिणीतून मुलाला पाहिले. ‘बॉय’ला जोडला तर दुर्बीण मुलाच्या हातात आहे. अर्थ दोन.

मध्ये ‘ऑन द हिल’ घालू. ‘वुई सॉ द बॉय ऑन द हिल विथ द टेलिस्कोप.’ टेकडीवर मुलगा असेल, तर दुर्बीण आमची, मुलाची किंवा टेकडीवर बसवलेली अशा तीन शक्यता होतात. टेकडीवर पाहण्याची क्रिया घडली असेल, तर दुर्बीण आमची किंवा टेकडीवरची अशा दोन. एकूण पाच. सहावी शक्यता का नाही? कारण जोडणाऱ्या रेषा एकमेकींना छेदत नाहीत. टेकडी क्रियेला जोडल्यावर तिच्यावरून मागे उडी मारून मुलाला काही चिकटवता येत नाही.

असे तीन समूह आले तर १४ आणि चार आले तर ४२ अर्थ होतात. २, ५, १४, ४२ ही संख्यांची मालिका गणिताच्या शिक्षकांना ओळखीची वाटेल. चौकोनाचे कर्ण एकमेकांना न छेदता त्रिकोणांत विभाजन २ प्रकारे होते, पंचकोनाचे ५, षट्कोनाचे १४ आणि सप्तकोनाचे ४२ प्रकारे. या कातालान संख्या. केनेथ चर्च आणि रमेश पाटील या संगणकशास्त्रज्ञांनी १९८२ साली इंग्रजी वाक्यांतील हा संबंध दाखवून दिला. संगणकाला साधे इंग्रजी वाक्य समजावणे इतके अवघड का गेले, त्याचे हे एक कारण आहे.

मराठीत हा घोळ कमी होतो. त्याचे कारण म्हणजे एक छोटे अक्षर, ‘च्या’. ‘आम्ही टेकडीवर मुलाला पाहिले’ आणि ‘आम्ही टेकडीवरच्या मुलाला पाहिले’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात ‘टेकडीवर’ क्रियेला जोडले आहे. दुसऱ्यात ‘च्या’ने ते मुलाला बांधून टाकले आहे. नामाचे नामाशी नाते दाखवायला मराठी षष्ठी वापरते, आणि कारकांतून पाणिनीने वगळला तो हाच संबंध. पण म्हणून मराठी सर्वस्वी निःसंदिग्ध आहे असे समजू नये. ‘मी रमेशला पळताना पाहिले’ यात कोण पळत होते, हे सांगता येत नाही.

वर्गात करून पाहा

या साऱ्या विवेचनातून वर्गासाठी चार साध्या गोष्टी निघतात.

एक. क्रियापद सुटे शिकवू नये, संयुजेसह शिकवावे. वहीत ‘पुट – ठेवणे’ असे न लिहिता ‘पुट – काहीतरी – कुठेतरी’, ‘वेट – फॉर – कोणीतरी’, ‘रीच – एखादे ठिकाण’ असे लिहून घ्यावे. मूलद्रव्याचे नाव पाठ करून त्याची संयुजा न शिकणारा विद्यार्थी रेणुसूत्र लिहू शकत नाही, तसेच हे आहे.

दोन. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर शब्द लिहून पत्ते करावेत. ‘बोरी नदीवरच्या बांधातल्या पाणीमहालात’ हा समूह मराठीत मांडावा. मग मुलांनी प्रत्येक पत्त्याच्या खाली इंग्रजी शब्द ठेवावा आणि ओळ दुसऱ्या टोकाकडून वाचावी. आपल्या गावातली ठिकाणे घेऊन मुलांना नवी वाक्ये करू द्यावीत.

तीन. उताऱ्यातील इंग्रजी शब्दसमूह क्रियेला जोडला आहे की नामाला, हे शोधायला ‘च्या’ची कसोटी लावावी. मराठी अर्थ सांगताना ‘च्या’ किंवा ‘ल्या’ आला तर समूह नामाचा, न आला तर क्रियेचा.

चार. चुकांची वही ठेवावी. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ सालच्या एका लेखात असे मांडले, की शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनात कोणती नियमव्यवस्था तयार होत आहे याचा पुरावा असतो. महिनाभर जमवलेल्या चुका मुलांबरोबर बसून लावाव्यात: ‘ला’च्या चुका, ‘हॅव’च्या चुका, गाळलेल्या सर्वनामाच्या चुका. शंभर चुका दहाबारा ढिगांत बसतात असे दिसेल, आणि शंभर गोष्टी दुरुस्त करायच्या नसून दहाबारा करायच्या आहेत हे मुलांनाही कळेल. ज्यांच्या घरी कन्नड, दख्खनी किंवा लमाणी बोलतात त्या मुलांना आपल्या भाषेतले तेच वाक्य फळ्यावर लिहायला सांगावे. त्यांच्यासाठी शाळेतली मराठीही थोडी परकीच असते. अशा तासाला ती मुले इतरांना काही शिकवू शकतात.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्या मुलीला जवळ बसवले आणि वहीच्या मागच्या पानावर तिचे वाक्य मराठीत लिहिले. विचारले, “येतो कोण? ताप की तू?” ती म्हणाली, “ताप.” “इंग्रजीत ताप येत नाही. माणसाजवळ ताप असतो. मग कर्ता कोण?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मीच.” मग तिने स्वतःच लिहिले, ‘आय हॅड अ फीव्हर.’ दुसऱ्या वाक्यातल्या ‘इन’चे ‘टू’ व्हायला आणि ‘डिड नॉट कम’ जमायला आणखी दहा मिनिटे लागली. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईही शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांनी वही घेतली, फुलीच्या शेजारी ‘मराठीप्रमाणे बरोबर’ असे लिहिले, आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या वर्गाच्या वह्या अशा रीतीने पुन्हा पाहू म्हणाल्या.